मागं न बघता

पोळ्याच्या रात्री दाराच्या दोन्ही अंगाला
पळसाचे मेढे उभे राहतात.
पहाटे कुणी हाक न मारता गल्ली जागी होते.
मेढा खांद्यावर, पाय चिखलात,
आणि घसा बसेस्तोवर एकच ओरड:
खोकला ने, खरूज ने, माश्या ने, ढेकूण ने,
ने गे मारबत!
नाल्याच्या पुलावर थांबायचं,
मेढे पलीकडे भिरकावायचे
आणि मागं न बघता घरी यायचं.
मागं न बघणं महत्त्वाचं. बापानं सांगितलेलं.
त्याला त्याच्या बापानं.

ओरडीत दरवर्षी भर पडते.
पोरांनी एकदा डेंगू घातला, मग करोना,
गेल्या साली कोणी म्हणालं, टावर येत नाही ते पण ने.
हसत हसत सगळं पलीकडे गेलं.
मग मेढ्यांसोबत बाकीचंही जाऊ लागलं,
आणि मग मारबतीची वाट कोण बघतो,
रोजच:
लग्नातल्या थर्माकोलच्या पत्रावळी,
धानावरच्या औषधाच्या बाटल्या,
गुटख्याच्या पुड्या, फुटकी बादली.
शीव म्हणजे जिथं आपलं संपतं ती जागा,
असंच समजत होतो.

यंदा पुलाच्या त्या टोकाला एक बाई बसली होती.
भागरता नेवारे, बोरटोल्याची. गुरं राखते.
डोक्याला फडकं, पायाशी युरियाची गोणी,
तोंड सुतळीनं आवळलेलं.
आमची ओरड तिच्यापाशी पोचली
आणि पाण्यात ढेकूळ पडावं तशी विरली.

"नेलं," ती म्हणाली. "आता वापस घ्या."

कोणी हसलं नाही.

"मारबत काही लांब राहत नाही बापा.
नाल्याच्या खालतं आमीच राहतो ना."

आवाज चढवत नव्हती, गुरं मोजावी तसं सांगत होती:
कपिला तीन दिवस बसून होती, उठलीच नाही.
पोरं खेकडे धरायला उतरत, आता उतरत नाहीत.
"खरूज ने मनता ना? आली.
नातीच्या बोटाइत आली."

मग गोणीतून कागद काढले,
ओले, एकावर एक नीट दाबून ठेवलेले.
"नावं लिवली हायेत याच्यावर. नातीनं वाचली, मनून आणले."
सोसायटीची नोटीस. बारशाची पत्रिका.
आणि विजेचं बिल, शाई पसरलेली, तरी वाचता येत होतं:
ग्राहकाचे नाव, केवळराम झिबल मोहुर्ले.
थकबाकी एकशे चौऱ्याऐंशी.

थकबाकी मी भरली होती.
बिल कधी फेकलं, ते आठवेना.

मेढा कठड्याला टेकवून ठेवला.
गोणी खांद्यावर घेतली. जड नव्हती,
ओली होती, पाठीवरून पाणी ओघळत राहिलं.
मारबतीच्या दिवशी शिवेवरून काही घेऊन
गावात शिरणारा मी पहिलाच असेन.
दारातल्या बाया बाजूला सरल्या.
बायको उंबऱ्यावरून ओरडली,
"अवो, हे आंगनात नोका आणू! गावाची पिडा हाय ते!"
"आपलीच हाय," मी म्हटलं.

तोवर सहा वाजून गेले होते.
ग्रामपंचायतीचं पाणी मीच सोडतो.
टाकीखाली बसून व्हॉल्व फिरवला, डावीकडे दोन पिळे.
बारा वर्षं हेच करतो, फिरवतो आणि उठतो.
आज उठलो नाही. कान लावला.
नळातून बादलीत, बादलीतून न्हाणीत,
न्हाणीतून नालीत, नालीतून मागच्या उतारावर,
मग आवाज ऐकू येईनासा झाला.
म्हणजे थांबला असं नाही.

दुपारी बाटल्या वेगळ्या केल्या.
त्यांचं काय करायचं ते ग्रामसेवकालाही ठाऊक नाही,
तो म्हणाला, वर विचारतो.
ठेवल्या आहेत गोठ्याच्या वळचणीला,
पोरांचा हात पुरणार नाही अशा.

गोणी धुतली, कुंपणावर वाळत घातली.
संध्याकाळी घडी घालून निघालो
नाल्याच्या काठाकाठानं, बोरटोल्याकडे.
तिची आहे.
वापस द्यायला हवी.